नाकातली पंधरावी थैली

आमगावला आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं एक दुकान आहे. निवृत्त होऊन मी गावाकडे परतलो त्या पहिल्याच आठवड्यात दुकानदार शेठनी मला विचारलं, "भाईसाब, आप वहाँ साउथ में करते क्या थे?" मी म्हटलं, "वजन करायचो." शेठनी हातातला गुळाचा खडा तराजूत टाकला, माझ्याकडे एकदम आपुलकीने पाहिलं आणि म्हणाले, "मतलब अपनेही लाइन के आदमी निकले आप!" घरी येऊन हे सांगितलं तर बायको दिवसभर हसत होती. मला मात्र राग आला नाही, कारण शेठ बरोबर बोलले होते. ते गूळ तोलत होते आणि मी विमान, एवढाच फरक.

विमान तोलतात हेच पुष्कळांना माहीत नसतं. आणि आमचं विमान तर साधंही नव्हतं. नव्याण्णव साली मी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत फिटर म्हणून लागलो. पुढे काही वर्षांनी तिथे एका नव्या कामाला हात घातला गेला आणि मला तोलशाळेत टाकलं. कागदोपत्री त्या कामाचं नाव दीड ओळीचं होतं. सोप्या भाषेत सांगतो. रॉकेटच्या डोक्यावर बसून वर जाणारं एक बिनमाणसाचं विमान. वर गेल्यावर ते पृथ्वीभोवती, फार लांब नाही, जवळच्याच कक्षेत घिरट्या घालत राहणार. पोटात शास्त्रज्ञांचे प्रयोग: कोणाचे स्फटिक, कोणाचं बियाणं, कोणाच्या जंतूंच्या कुप्या. काम आटोपलं की ते परत हवेत शिरणार, तापणार, निवणार आणि पंखांवर तरंगत धावपट्टीवर येऊन उतरणार. आत पायलट नाही, सगळं त्याचं तोच करणार. मग झाडायचं, पुसायचं, अंगावरच्या, उष्णता अडवून जळालेल्या फरशा बदलायच्या आणि पुन्हा वर पाठवायचं. नेहमीचं रॉकेट म्हणजे पत्रावळ, जेवलं की फेकली. आम्हाला घासून पुन्हा मांडता येईल असं ताट हवं होतं.

वर कसं जायचं ते आमच्या लोकांना येत होतं. उतरायचं कसं, हा खरा प्रश्न होता. म्हणून आधी एक लहान नमुना केला. लहान म्हणजे आपल्या बैलबंडीपेक्षा थोडा लांब. त्याला इंजिन नाही. हेलिकॉप्टरने उचलून उंच न्यायचं आणि सोडून द्यायचं. पुढे त्याने स्वतःच धावपट्टी शोधायची, तिच्या रेषेत यायचं आणि शेवटच्या क्षणी नाक उचलून चाकं टेकायची. ते नाक उचलणं तेवढं लक्षात ठेवा, या गोष्टीतलं सगळं त्याच्यावर अडलं आहे.

आता माझं काम. विमानाचं एकूण वजन किती हे कोणीही सांगेल. ते वजन नेमकं कुठे एकवटलं आहे, हे सांगणं अवघड. कावड खांद्यावर घेतलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दांडी कुठे धरली की दोन्ही बाजू सारख्या राहतात हे त्याच्या खांद्याला कळतं. विमानाचाही असा खांदा असतो. तो जागेवरून मागे सरकला की विमान उलटतं आणि पुढे सरकला की नाक जड होऊन वर उचललं जात नाही. आमच्या नमुन्यात या खांद्याला इकडेतिकडे सरकायला जेमतेम दोन बोटं जागा होती. तीन चाकांखाली तीन काटे ठेवायचे, हँगरची दारं लावून वारा बंद करायचा, पंखे बंद करायचे, आणि घामाने निथळत आकडे लिहायचे. एका तोलाला दोन तास लागायचे. शेवटी पत्रकावर सही करायची. त्या सहीशिवाय विमान जागचं हलत नसे, आणि मला याचा भलता अभिमान होता.

या धंद्यात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे 'अंदाजे' हा शब्द. एक शास्त्रज्ञ बियाण्यांची पेटी घेऊन आले. फॉर्मवर लिहिलं होतं दोन किलो, काट्यावर भरली पावणेतीन. मी पेटी परत दिली. ते रागावले, "अहो, त्यात केबल धरली नव्हती!" मी म्हटलं, "सर, केबल घरी ठेवून पेटी चालणार आहे का?" दुसरे एक गृहस्थ दर भेटीत स्वतःच्या पेटीला एक नवा स्क्रू लावून आणायचे आणि दर वेळी म्हणायचे, स्क्रूचं काय एवढं वजन! रंगाऱ्याने एकदा हौसेने पांढऱ्या रंगाचा तिसरा हात मारला, तेव्हा मी इतका भांडलो की तो पुढे महिनाभर मला बघून वाट बदलत असे. रंगालाही वजन असतं हो. आणि एकदा शेपटीकडचा आकडा थोडासा जास्त आला. सगळे म्हणाले, काटा बिघडला. मी म्हटलं, काटा माझा आहे, बिघडला असेल तर तुमचं विमान बिघडलं असेल. दोन दिवस उकलाउकल झाली आणि शेपटीच्या पोकळीत एक स्क्रूड्रायव्हर सापडला. तेव्हापासून माझी मान जरा ताठच झाली. माझी चूक होऊ शकते, ही गोष्टच मी विसरून गेलो.

नमुना तयार झाला तेव्हा उतरवण्यासाठी मोकळी, सपाट आणि विमानांच्या वर्दळीपासून लांबची जागा हवी होती. जुन्या धावपट्ट्यांची एक यादी फिरत होती. त्यात युद्धाच्या काळात बांधलेली आमच्या गोंदिया जिल्ह्यातली एक पट्टी दिसली आणि मी प्रमुखांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. आमच्या प्रमुख वैजयंती मॅडम. मूळच्या सोलापूरच्या, आवाज कधी चढणार नाही, सगळं पेन्सिलने लिहिणार आणि लिहिलेलं कधी खोडणार नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुमचं गाव आहे म्हणून सांगताय, की जागा चांगली आहे म्हणून?" मी म्हटलं, "दोन्ही." त्या म्हणाल्या, "आधी जागेचं सांगा."

जागा पसंत पडली. धान कापून झालं, धानाची खाचरं, म्हणजे आमच्या बांध्या, कोरड्या झाल्या, आणि आम्ही आमचे काटे घेऊन तिथे मुक्कामाला गेलो. पहिल्या आठवड्यात गावात बातमी पसरली की हँगरात फार इमानदार काटा आला आहे. अंगणवाडीच्या बाई सकाळी सकाळी पाच बाळं आणि त्यांच्या आया घेऊन हजर. म्हणाल्या, "आमचा काटा झुलते साहेब, एकडाव तुमच्यावर करून द्या ना." मॅडमनी परवानगी दिली. त्या दिवशी अंतराळ-विमानाच्या नोंदवहीत शेवटच्या पानावर पाच बाळांची वजनं ग्रॅमपर्यंत लिहिली गेली. त्यातलं एक फार कमी भरलं. त्याला आणि त्याच्या आईला आमच्याच जीपने जवळच्या गोरेगावच्या दवाखान्यात पोचवलं, आणि मला वाटतं त्या काट्याचा सगळ्यात चांगला उपयोग तोच झाला.

कुंपणाशी रोज येऊन बसणारे एक मडावीबाबा होते. उमेदीत जंगलात कूप, म्हणजे तोडीला काढलेला झाडांचा पट्टा, कापायच्या कामावर होते, आता त्यांच्याजवळ वेळच वेळ. ते तासन्‌तास विमानाकडे बघत. एक दिवस त्यांनी मला हाक मारून विचारलं, "बाबू, थे खालीच आनाचं हाये त वर कायले नेऊन राहिले?" मी त्यांना कक्षा, प्रयोग, परत वापर असं बरंच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हव का. तरी बी." एवढा सविस्तर खुलासा इतक्या थोडक्यात कोणी नापास केलेला मी पाहिला नव्हता.

हँगरच्या रखवालीला स्थानिक कंत्राटदाराने एक म्हातारा माणूस ठेवला होता. ते माझे सख्खे चुलते, चैतरामकाका. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. पुतण्याचं विमान येऊन राहिलं म्हटल्यावर त्यांनी स्वतःच ती नोकरी मागून घेतली. आमचे काकाजी आयुष्यभर मापारी होते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आता सगळीकडे काटे आले, पण पूर्वी धान मापाने मोजत. कुडो नावाचं लाकडी माप भरून ओतायचं, वीस कुडो झाले की एक खंडी. मापारी मोठ्याने मोजणार आणि देणारा-घेणारा दोघं ऐकणार. मोजताना तो 'एक' म्हणत नाही. सुरुवात शुभ व्हावी म्हणून 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. गोरेगावच्या बाजारापासून आमच्या गावापर्यंत काकाजींच्या मापात कोणाला कधी कमी पडलं नाही, अशी त्यांची ख्याती होती. मी मात्र दक्षिणेत कोणाला सांगितलं नव्हतं की आमच्याकडे मापाऱ्याचं काम होतं. घरचं विचारलं की 'शेती' म्हणून मोकळा व्हायचो. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच करत होतो.

हेलिकॉप्टर आम्हाला चार दिवसांसाठी मिळालं होतं. तीन दिवस धुक्याने आणि बारीकसारीक बिघाडांनी खाल्ले. चौथ्या दिवशी दुपारी ते परत जाणार होतं. यावेळी नाही झालं तर पुन्हा कधी मिळेल ते कोणी सांगत नव्हतं, आणि काम गुंडाळा म्हणणारी माणसं वर बसलेली होतीच. मॅडमची बारा वर्षांची मेहनत त्या सकाळवर टांगलेली होती. त्यात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाकाकडची एक बॅटरी बिघडली. बदली बॅटरी हलकी होती. नाक हलकं झालं, म्हणजे तिथे भरपाईचं वजन टाकणं आलं. त्यासाठी आमच्याकडे शिशाच्या छर्‍यांच्या थैल्या असत. जाड कापडाच्या, दोन मुठींएवढ्या, प्रत्येकी बरोबर तीन किलोच्या. गोरेगावच्या शिंप्याकडून अठरा शिवून घेतल्या होत्या. मी गणित केलं, चौदा थैल्या.

चौथ्या दिवशी सकाळी माझा सहकारी तापाने अंथरुणाला खिळलेला. नाकाचं झाकण अरुंद, माझा हात आत पुरेना. काकाजींचे हात लांब, काटक. मी म्हटलं, "काकाजी, एवढ्या चौदा थैल्या आत लावून द्या, एकावर एक, घट्ट." आणि मी पोटाखाली शिरून केबल बांधू लागलो. वरून काकाजींचा खणखणीत आवाज आला, "लाभ... दोन... तीन..." कित्येक वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. पाठीवर पडल्या पडल्या मला इतकं बरं वाटलं की मी केबल बांधायची थांबून ऐकत राहिलो. "तेरा... चौदा. झाल्या रे."

नियम असा की काहीही बदललं की पुन्हा तोलायचं. दोन तास. बाहेर हेलिकॉप्टर तयार, वारा मस्त, मॅडम घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या. मी स्वतःशी म्हटलं, तीन किलोच्या चौदा थैल्या, जागा माहीत, गणित केलेलं. काटा याहून वेगळं काय सांगणार? आणि मी सही केली. बारा वर्षं 'अंदाजे' या शब्दाला शिव्या देणाऱ्या माणसाने त्या सकाळी अंदाजावर सही ठोकली.

पंधरा मिनिटांनी हेलिकॉप्टरने आमचं विमान दोराला लटकवून उचललं आणि वर वर जायला लागलं. उंची गाठायला त्याला अर्धा तास लागणार होता. माझं काम संपलं होतं. मी हँगरच्या सावलीत काकाजींजवळ जाऊन बसलो. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. वर बघत समाधानाने म्हणाले, "कमी नाही पडाचं हेमराज. पयली देवाची टाकली, मंगच मोजाले घेतलं."

मी कप खाली ठेवला.

मला हे ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. घेणाऱ्याच्या धान साठवायच्या ढोलीत पहिलं माप न मोजता पडतं. ते देवाचं, बरकतीचं. त्यानंतर 'लाभ' सुरू होतो. म्हणून तर काकाजींच्या मापात कोणाला कधी कमी पडलं नाही. मी त्यांच्या शेजारी उभा राहून शेकडो वेळा ते पाहिलं होतं, आणि त्या सकाळी गळ्यात ओळखपत्र घालून पाठीवर पडलेला मी ते साफ विसरलो होतो. मी उठून उरलेल्या थैल्या मोजल्या. चार असायला हव्या होत्या, होत्या तीन.

तीन किलो, तेही नाकात, अगदी टोकाला. मनात हिशोब करायला मला दोन क्षण लागले. आम्ही आधीच पुढच्या मर्यादेपासून अर्धं बोट आत होतो. या थैलीने ते अर्धं बोट संपून विमानाचा खांदा थोडा बाहेर गेला होता. म्हणजे विमान येईल, रेषेत येईल, सगळं नीट करेल, आणि शेवटी नाक उचलणार नाही.

खरं सांगतो, हँगरपासून नियंत्रणाच्या गाडीपर्यंत दोनशे पावलं असतील, आणि त्या दोनशे पावलांत गप्प राहण्याची पुष्कळ कारणं मला सुचली. कदाचित उचलेलही नाक. नाही उचललं तर दोष वाऱ्याचा निघेल, संगणकाचा निघेल. चक्काचूर झालेल्या नाकात थैल्या कोण मोजतो? सांगितलं तर आजचा दिवस गेला, हेलिकॉप्टर गेलं, कदाचित सगळं कामच गेलं. आणि माझी सही. मी धावत होतो आणि हे सगळं डोक्यात चाललं होतं. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

गाडीचं दार उघडून मी म्हटलं, "मॅडम, नाकात एक थैली जास्त आहे. तीन किलो. मी पुन्हा तोललं नव्हतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"काकाजींनी टाकली आहे. म्हणजे नक्की."

त्यांनी पेन्सिलने कागदावर दोन ओळी मांडल्या. तेवढ्यात वायरलेसवर हेलिकॉप्टरच्या पायलट साहेबांचा खुशीतला आवाज आला, "मॅडम, हाइट मिल गयी, हवा एकदम बढ़िया है. छोड़ दूँ?"

"नहीं. वापस लाइए."

खरखरीतून आवाज आला, "वापस? ऐसे ही, लटका हुआ?"

"हाँ. ऐसे ही."

लटकतं विमान परत खाली त्याच्या चौकटीवर ठेवणं आम्ही फक्त कागदावर करून पाहिलं होतं. पाऊण तास झुलत झुलत ते खाली आलं. चाकं चौकटीला लागली तेव्हा माझ्या मागे कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला. ते मडावीबाबा होते.

झाकण उघडून मोजल्या. पंधरा.

मॅडमनी नोंदवही उघडली. "थैल्या कोणी लावल्या?" बाहेरच्या माणसाने विमानाला हात लावणं हा केवढा गुन्हा होता ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हटलं, "मी."

मागून आवाज आला, "बाई, हा खोटं बोलून राहिला. थैल्या म्या टाकल्या. माप माहं हाये, त नाव याचं काऊन?" काकाजी पुढे येऊन उभे राहिले, टोपी नीट करत. "चाळीस वर्सं मापलं म्या. कोनाले कमी नाही देल्लं."

"कमी नाही काका," मॅडम म्हणाल्या, "जास्त झालं."

"जास्तीनं बी कोनी पडते का?"

मॅडम मराठीच बोलत होत्या, पण काकाजींना 'गुरुत्वमध्य' कसा सांगायचा ते त्यांना सुचेना. मी म्हटलं, "काकाजी, कावड आहे असं धरा. पुढच्या अंगाला एक गुंड पाणी जास्त झालं."

काकाजींनी विमानाकडे पाहिलं, नाकापासून शेपटीपर्यंत. त्यांचे ओठ हलले. "मंग त मानूस तोंडावरच पडन," ते हळू म्हणाले. आणि तिथेच जमिनीवर बसले. "म्हंजे आज माह्या मापानं पडलं असतं." सबंध आयुष्यात मी काकाजींना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटत होतं, पण मी उघड्या झाकणाशीच उभा राहिलो. चूक माझी होती, आणि मान त्यांची खाली गेली होती.

मॅडम बाहेर जाऊन फोनवर फोन करत राहिल्या. तासाभराने परत आल्या त्या पायलट साहेबांना घेऊनच. साहेबांनी त्यांच्या वरच्यांकडून उद्या सकाळी दहापर्यंतची मुदत मिळवली होती. म्हणाले, "मॅडम, जो आदमी दौड़ के अपनी गलती बताने आता है, उसका जहाज़ मैं एक बार और उठाऊँगा." हे वाक्य मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितलं नाही.

दुपारी पुन्हा थैल्या लावायच्या होत्या. मी हात पुढे केला तर पुरेना, ते सकाळचंच. मॅडम म्हणाल्या, "काका लावतील."

काकाजींनी हात मागे घेतले. "नोको बाई. माह्या हाताले आता नोको लावू."

"तुम्हीच लावायच्या. मोजायचंही तुम्हीच. फक्त पहिली थैली माझ्या हातात द्या."

काकाजींनी एक थैली उचलली, कपाळाला लावली आणि मॅडमच्या ओंजळीत ठेवली. त्यानंतर मोजायला सुरुवात केली. "लाभ." मी शेजारी उभा राहून कागदावर रेघ मारली. "दोन." दुसरी रेघ. चौदा झाल्या. उरलेल्या मोजल्या: तीन, आणि मॅडमच्या हातात एक. मग दारं लावली, पंखे बंद केले आणि दोन तास तोललं. काट्याने आणि गणिताने एकमेकांना होकार दिला तेव्हाच मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान सुटलं. ते पहिले काही क्षण विमान पडत असतं, उडत नसतं. मग पंखांनी हवा धरली. तळ्याच्या बाजूने एक मोठं वळण घेऊन ते ठिपक्याएवढं पांढरं विमान रेषेत आलं. आवाज नाही, काही नाही. वेगाने खाली येत राहिलं, येत राहिलं. माझ्या शेजारी काकाजी पुटपुटत होते, "उचल माय. उचल."

जमिनीपासून हातभर असताना तिने नाक उचललं. चाकांमधून दोन पांढरे धूर निघाले, मागची छत्री उघडली, आणि ती धावत धावत जाऊन थांबली. काकाजी ओरडले, "उचललन् रे, उचललन्!" सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. वैजयंती मॅडम गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या. थैली अजून त्यांच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. कुंपणाशी मडावीबाबांनी मला हाक मारली. "आता समजलं बाबू. तिले घरी येनं शिकवून राहिले तुमी." मी म्हटलं, "हव बाबा, तेच." इतकी वर्षं इतक्या पाहुण्यांना समजावून सांगितलं, पण याहून नेमकं मला कधी जमलं नाही.

मला लेखी ताकीद मिळाली आणि बढती दोन वर्षं लांबली. ताकीद मिळायलाच हवी होती. आमच्या कामाच्या यादीत एक नवी ओळ आली: लावलेल्या थैल्या मोजाव्यात, आणि उरलेल्याही मोजाव्यात. तोलशाळेतली कानडी पोरं पुढे थैल्या लावताना हसत हसत "लाभ, एरडु, मूरु" असं मोजायची. आणि आमच्याकडे मापाऱ्याचं काम होतं, हे मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगायला लागलो. मोठं विमान, कक्षेत जाऊन परत येणारं, ते काही माझ्या नोकरीत झालं नाही. मी निघालो तेव्हा त्याचे पंख साच्यात होते. ते वर गेलेलं आणि घरी आलेलं माझ्या काट्यावर बघायचं राहून गेलं, याची हळहळ आहे. दुसरा माणूस तोलेल, नीट तोलेल. मी त्याला बजावून आलो आहे.

विमान उतरलं त्या दिवशी निघताना मॅडमनी हातातली ती थैली काकाजींना दिली. "काका, ही आमच्या यादीत नाही. तुमच्या देवाची आहे." यादीत सतरा थैल्या लिहिल्या गेल्या. पेन्सिलने लिहिलेला तो एकच आकडा मॅडमनी खोडून पुन्हा लिहिला होता. काकाजींनी थैली देवापाशी ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती विमानाची म्हणून दाखवत राहिले. ते गेले तेव्हा काकीने ती माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुह्या कामाची हाये, तूच ठेव."

आता ती माझ्या टेबलावर आहे. हे लिहिताना वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेली. शिवण एका कोपऱ्यात उसवली आहे. इतक्या वर्षांत थोडे छर्रे गळलेही असतील. निवृत्तीच्या वेळी तोलशाळेतल्या पोरांनी मला एक सुंदर छोटा काटा भेट दिला, तो बाजूलाच आहे. घरातलं सगळं माझं त्याच्यावर तोलून झालं: चष्मा, किल्ल्या, बायकोच्या औषधाच्या गोळ्या, शेठच्या दुकानातला गूळसुद्धा. थैली तेवढी अजून तोललेली नाही.